ओल्या खुंटीचा नंदी

लाकडी नंदी पडतो तेव्हा लोक पायांना दोष देतात. पाय बिचारे काही करत नाहीत. नंदी पडतो तो खुंटीमुळे, आणि ती ठोकणाऱ्या माणसामुळे. मी बालाघाटची, लाकडाचं काम करते, आणि या लेखातल्या नंदीच्या खुंट्या मीच ठोकल्या होत्या. आधीच सांगून टाकते. कारागिरांवर लेख आला की त्यात वारसा असतो, घाम असतो, हाताची जादू असते. कारागीर चुकतो, चूक लपवतो आणि वर छापील खोटं बोलतो, हे कोणी छापत नाही. ते छापून यावं म्हणून लिहिते आहे.

ज्यांच्याकडे तान्हा पोळा नाही त्यांच्यासाठी थोडं. पोळ्याला खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. चाकं लावलेल्या पाटावर उभा लाकडी नंदी, अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात दोरी. पोरं तो ओढत गावच्या तोरणाखाली जमतात. तोरण तुटलं की दारोदार निघतात. दारात नंदीला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर खाऊ, पैसा, जे असेल ते ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. विदर्भात हे आहे आणि वैनगंगेकाठी मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटातही आहे, कारण राज्याची रेघ ओढणाऱ्यांनी आमच्या पोरांना विचारलं नव्हतं.

राखी झाली की बाबा आणि मी नंदी घेऊन निघतो. लालबर्र्याचा बाजार, मलाजखंडच्या कंपनी कॉलनीतला मेळा, शेवटी बालाघाटची जत्रा. गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. एक शेतकरी मोबाइलवर मेलेल्या बैलाचा फोटो घेऊन आला. डावं शिंग खाली वळलेलंच पाहिजे म्हणाला, "तो असाच पाहे माह्याकडे." बनवून दिलं. लालबर्र्याला एकानं माझ्या गळ्यातलं निळं लॉकेट पाहून विचारलं, "तुमी लोकं तर पोळा मानत नाई ना? मंग नंदी कायले बनवता?" मी म्हटलं, "नांगरामागं आमचाबी आजा चालला, काका. बैल का तुमालेच ओळखते?" त्यानं दोन घेतले. आमचं घर बौद्ध. आजोबा भंडाऱ्याकडून इथं मजुरीला आले, बाबा एका फर्निचरवाल्याकडे सुतारकी शिकले, मी बाबांकडे.

माझं दुसरं काम पत्रकं लिहिणं. वॉर्डातल्या तरुणांचं आमचं मंडळ आहे. वसतिगृहातलं पाणी असो, अडलेली शिष्यवृत्ती असो, परचा लिहायला मला बसवतात. छोटी वाक्यं, मोठा राग. त्यात माझा हात बसलेला आहे. लाकडात बसला असता तर बरं झालं असतं, असं बाबा म्हणतात.

गेल्या वर्षी जत्रेच्या कमिटीनं टिनाच्या शेडखालची पहिली रांग फायबरचे नंदी विकणाऱ्यांना दिली आणि आम्हा लाकूडवाल्यांना नाल्याच्या काठावर बसवलं. माझं डोकं फिरलं. आठवडाभर परचा घेऊनच बसले. एका बाजूला जागेची मागणी. दुसऱ्या बाजूला, हाताचा नंदी का घ्यावा. तिथली एक ओळ जशीच्या तशी देते: "आमच्या नंदीच्या खुंट्या वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर वाळतात. या नंदीवर लेकरू निर्धास्त बसवा."

आता खुंटीचं सांगते. नंदीचं धड शिवणीच्या एका ओंडक्यातून निघतं. पाय वेगळे. पायाच्या वरच्या टोकाला जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. तो कुसू पोटातल्या खाचेत बसतो आणि त्याला आरपार एक आडवी खुंटी ठोकतात. खिळा चालत नाही, पावसात गंजतो आणि लाकूड फाडतो. सरस भिजला की सुटतो. म्हणून धावड्याच्या टणक लाकडाची खुंटी, आणि ती धडापेक्षा जास्त कोरडी पाहिजे. कोरडी खुंटी धडातली ओल पिते, फुगते आणि भोकात अशी आवळते की मग पायाला आयुष्यभर हलता येत नाही. ओली खुंटी ठोकली तर उलटं. ठोकताना घट्ट जाते, पाहणाऱ्याला काही कळत नाही. मग ऊन लागतं, ती सुकून बारीक होते आणि एक दिवस पाय फिरतो.

लहान नंदीचं फार बिघडत नाही, तो पोरं ओढतात फक्त. पण मोठा नंदी कमरेइतका असतो, वजनदार असतो आणि त्याच्यावर पोर बसवतात. तो कलंडला तर पोर खाली आणि नंदी वर.

त्या वर्षी चार मोठे नंदी केले आणि माळ्यावरच्या डब्यातल्या जाड खुंट्या संपल्या. बाबा म्हणाले, "राहू दे. हे चार पुढच्या सालाले." मी हौ म्हटलं. बाबा लालबर्र्याला गेले त्या दिवशी मी ताज्या फांदीतून सोळा खुंट्या काढल्या, दुपारभर चुलीशी धरल्या आणि ठोकल्या. बाबांना सांगितलं, डब्याच्या तळाशी सापडल्या. परच्यात मोठ्या नंदीचा, शेजारी माझा, फोटो छापून झाला होता. ज्याचा फोटो तोच माल नाही, असं कसं चालेल! हा माझा विचार. यापेक्षा भारी विचार तेव्हा केला नव्हता.

जत्रेत परचे हातोहात गेले. पहिला मोठा नंदी आमच्याच गावातल्या एका शाळेच्या बाईंनी भाच्यासाठी नेला. दुसरा मलाजखंडच्या इंजिनियरनं. त्यानं टेप लावून पाय मोजले आणि विचारलं, "कितना लोड लेगा?"

"आप ही बैठ जाइए, साब."

तो बसला. नंदीनं हूं का चूं केलं नाही. ओल्या खुंट्या तेव्हा ताज्या होत्या. लोक हसले, मी सगळ्यात जोरात.

तिसरा नेला एका म्हाताऱ्यानं. पांढरी टोपी, कानात कापूस, बोट धरून पाच वर्षांची नात. त्याला विताएवढा नंदी हवा होता. नात मोठ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी.

"सानू, चाल. तो पोट्ट्यायचा हाय."

मी मध्ये तोंड घातलं. "काहून आजोबा? पोट्टीले पाठ नाई का बसाले?"

"तसं नाई वं माय. गावात पोरी नंदी काढत नाई. हासतीन."

"मंग हासू द्या ना! कोनीतरी पयली पोट्टी लागतेच." आणि परचा त्याच्या हातात. "हे वाचा. निर्धास्त बसवा."

त्याला वाचता येत नव्हतं. ती ओळ मीच वाचून दाखवली. त्यानं नातीकडे पाहिलं, मग नंदी गोंदियाच्या बसच्या टपावर चढवून राजेगावला नेला. जाताना म्हणाला, "तुह्या भरवशावर नेतो बरं!"

चौथा उरला. पोळ्याला कडक ऊन पडलं, बाबांनी तो दिवसभर अंगणात उभा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, सावलीत सरकवायला म्हणून त्यांनी त्याच्या मागच्या पायाला हात घातला. पाय हातात फिरला. दाराची खिटी फिरते तसा.

बाबांनी नंदी आडवा केला. खुंटी नखानं ओढली. निघाली. त्यांनी ती नाकाशी धरली.

"हे डब्यातली नोय."

मी हात पुढे केला. त्यांनी खुंटी दिली नाही.

"तीन गेले ना असे?"

"हौ."

"परच्यात खुंटीचं काय लिवलं तू? वाच."

"बाबा, आता..."

"वाच म्हनतो ना!"

वाचलं. निर्धास्त या शब्दापर्यंत. बाबांनी वर पाहिलं नाही. कोपऱ्यातला लाकूड तासायचा वाकस उचलला. त्याचा दांडा धावड्याचा, लग्नाच्या आधीपासून त्यांच्या हातातला, हाडासारखा कोरडा. त्यांनी पातं झटकून वेगळं केलं आणि दांड्याला करवत लावली. मी ओरडले. ते म्हणाले, "दुसरं सुकं धावडं हाय का घरात? नाई ना? मंग फोन कर."

इंजिनियरला फोन लागला. "अरे मॅडम, वो तो टीवी के बाजू में रखा है. बच्चा बैठता ही नहीं." म्हटलं, बसवू नका, मी उद्या येते. तो हसून म्हणाला, "मैंने लोड पूछा था ना?"  शाळेच्या बाईंकडे पोचले तेव्हा त्यांच्या नंदीचा एक पाय वाकडा होऊन बसलाच होता. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. खुंट्या बदलून होईपर्यंत कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. "तुमचा परचा मी वर्गात वाचून दाखवला होता," एवढंच म्हणाल्या.

बाईंकडून निघाले तेव्हा दोन वाजून गेले होते. तोरण साधारण चारला तुटतं. म्हाताऱ्याचं नाव माहीत नाही, फोन नाही. पिशवीत ठोकायची मोगरी, पटाशी, बाबांच्या दांड्यातून काढलेल्या चार खुंट्या. स्कूटी काढली आणि राजेगावचा रस्ता धरला. रस्त्यावरच्या प्रत्येक गावात पोरं नंदी घेऊन निघालेली, झुली, फुगे, पिपाण्या. मला फक्त चाकांची घरघर ऐकू येत होती. एके ठिकाणी एक पोर नंदीवर बसलेलं दिसलं आणि मी ब्रेक दाबला. तो फायबरचा होता. ज्याला मी परच्यात पोकळ म्हटलं होतं तो मजेत चालला होता.

राजेगावच्या स्टँडवर चहावाल्याला विचारलं, "मोठा नंदी कोनाच्या घरी आला?"

"देवाजीच्या. पोट्टीसाठी आनला म्हनते! तिकडंच चालले सारे, मारुतीपाशी."

मारुतीपाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली पंधरा-वीस पोरं आपापले नंदी घेऊन ओळीत. सगळ्यांत पुढे सानू. गुलाबी फ्रॉक, डोक्याला फेटा. माझा नंदी. आणि देवाजी आजोबा तिला काखेत धरून वर उचलत होते.

"थांबा! बसवू नका!"

स्कूटी तशीच टाकून धावले. आजोबांनी सानूला खाली ठेवलं. माइकवर पिंटूभाऊ नावाचा आयोजक होता. त्यानं मला पाहिलं, खिशातून माझाच परचा काढला आणि फोटोतला चेहरा मिळवून पाहिला.

"अरे वा! बालाघाटच्या कारागीर ताई खुद्द आल्या! ताई, सजवलेल्या नंदीचे नंबर आता तुमीच काढा. जोरदार टाळ्या!"

"भाऊ, नंबर राहू दे. या नंदीचे पाय ढिले हायेत. पोरगी पडन."

 मी खाली बसले आणि मागचा पाय धरून पिळला.

हलला नाही.

दुसरा धरला. हलला नाही. चारही दगडासारखे. 

"बाप्पा! हे तं ढिलं नोय," कोणीतरी म्हणालं. पिंटूभाऊनं एका जाड गृहस्थाला हात धरून आणलं. "बसा काका, होऊन जाऊ द्या टेस्ट." काका नंदीवर बसले, वर दोनदा उसळले. नंदी जागचा हलला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पिंटूभाऊनं माइकवर वाचलं, "खुंट्या वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर वाळतात! याले म्हनते हाताचं काम! ताई मजाक करून राह्यली, मंडळी!"

मी सानूला विचारलं, "नंदीले पानी लावलं का वं?"

"हौ. काल नदीवर आमच्या बैलायसंगं आंगोळ घातली. आज सकाळीबी घातली. साबन लावून."

मग कळलं. ओल पिऊन खुंट्या पुन्हा फुगल्या होत्या. ऊन होतं. तोरणापासून गावभर फिरायचं म्हणजे दोन तास. कधी सुटतील ते मला सांगता आलं नसतं. आज सुटतील की आठ दिवसांनी, तेही नाही.

आणि इथं मी थांबले. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. टाळ्या चालू होत्या. परचा माइकवर वाचला जात होता. माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं. गप्प राहिले असते तर राजेगावात माझं नाव झालं असतं आणि पाय कधीतरी एखाद्या दुपारी, कोणी पाहत नसताना फिरला असता. दोन-तीन श्वास मी तो हिशेब केला. केला, हे नाकारत नाही.

मग पिंटूभाऊच्या हातून माइक घेतला. "परच्यातली ती ओळ खोटी आहे. मी लिहिली, मलेच माहीत आहे. या खुंट्या ओल्या लाकडाच्या आहेत, घाईत ठोकलेल्या. नदीच्या पान्यानं फुगल्या म्हनून घट्ट वाटतात. वाळल्या की पाय सुटतीन."

"मंग जत्रेत काहून नाई सांगतलं?" देवाजी आजोबा. माइक नसतानाही त्यांचाच आवाज मोठा आला.

"विकाचे होते म्हनून."

"मी तुले इचारलं नोतं. तूच म्हनली, निर्धास्त बसवा. मी लहानच घेऊन राह्यलतो."

"हौ, आजोबा."

मागून कोणी हसलं, "पोट्टीचा नंदी हाय ना, म्हनून आडवा आला." दुसरा म्हणाला, "दुसऱ्या पार्टीनं धाडली असन हिले, नंबर खराब कराले." या दोघांना उत्तर देण्याची माझ्या जिभेला फार सवय आहे. त्या दिवशी नाही दिलं. नंदी आडवा केला, खुंटीवर पटाशीचं टोक टेकवलं आणि मोगरी हाणली.

सानू किंचाळली. "माह्या नंदीले मारून राह्यली! आबा, माह्या नंदीले मारून राह्यली!"

चार घाव लागले. खुंटी निघाली ती काळपट, दमट. मी ती पाटावर आपटली, थप्प असा मेलेला आवाज आला. मग बाबांच्या दांड्याची आपटली. टण्ण. दोन्ही पिंटूभाऊच्या हातात दिल्या. त्यानं स्वतः दोनदा आपटून पाहिल्या, माइकजवळ. मग कोणी हसलं नाही.

"किती वेळ लागन?" त्यानं हळूच विचारलं.

"अर्धा तास."

"तोरन थांबत नाई ना, ताई."

तोरण तुटलं. पोरं ओरडत निघाली, चाकांचा खडखडाट गल्लीत शिरला. रिकाम्या मारुतीसमोर आम्ही तिघं राहिलो, मी, आजोबा आणि हुंदके देणारी सानू. नंदीचे चारही पाय मातीत वेगळे पडलेले. मी कुसू पुसले, भोकं तासली, एकेक कोरडी खुंटी घातली. धड भिजलेलं होतं, ते कोरड्या खुंटीला चांगलंच. आजोबा उकिडवे बसून प्रत्येक घाव मोजल्यासारखे पाहत होते.  शेवटची खुंटी ठोकली तेव्हा चारही पाय त्यांनी स्वतः पिळून पाहिले, माझ्यापेक्षा जोरात.

मी पिशवी आवरली. "येते आजोबा."

"कुठं येते? मानेले धर त्याच्या. पोट्टी आता बसत नाई, पायी चालन. तू संगं चाल. पडला तं तुह्या आंगावर पडला पाहिजे."

मग राजेगावची दारं. पुढे दोरी धरून सानू, नंदीच्या मानेला मी, मागे आजोबा. पहिल्याच दारात बाईनं ताट आणलं, नंदीला ओवाळलं आणि विचारलं, "सारे पोट्टे जाऊन आले, तुले काहून येळ झाला वं?"

आजोबा म्हणाले, "हे बाईले इचारा."

सांगितलं. ओल्या खुंट्या, घाई, परचा. दुसऱ्या दारात पुन्हा, "बाईले इचारा." तिसऱ्या दारात एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सिकली-सवरली दिसते, तरी?" पुढच्या दारात एक तरुण बाप मला अपघाताच्या बातमीसारखं खोदून विचारत राहिला. कुठं हसले. कुठं दार अर्धवटच उघडलं. परचा एकदा छापला की आपण मोकळे होतो. इथं तीच गोष्ट प्रत्येक उंबऱ्यावर, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची होती. पाचव्या-सहाव्या दारानंतर माझी वाक्यं लहान झाली. नंतर एकच उरलं: "मी ओली खुंटी ठोकली होती."

सानूचे डोळे वाळले. तिचा फेटा सैल झाला होता, पिशवी बोजाऱ्यानं जड झाली होती. तिला एवढंच दिसत होतं की नंदी चालतो आहे आणि तिच्याच मागे चालतो आहे. एका दारात पोरांनी चिडवलं, "ए पोट्टी, नंदी पोट्ट्यायचा असते!" ती वळून म्हणाली, "हा माहा हाय. पाय नवे हायेत."

शेवटचं घर तिच्या मावशीचं. मावशीनं ओवाळलं, सगळं ऐकलं आणि माझ्याकडे न पाहता आजोबांना विचारलं, "मंग आता बसवू का लेकराले? का नुसतंच ओढाचं?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी "बाईले इचारा" म्हटलं नाही.   सानूनं दोन्ही हात वर केले, उचलून घ्या म्हणून.

मी खाली वाकले. चारही पाय पुन्हा धरून पाहिले. खुंटीची टोकं बोटानं चाचपली. बाबांच्या हातानं गुळगुळीत झालेलं लाकूड बोटाला ओळखीचं लागलं. उठले.

"बसवा," म्हटलं.

आजोबांनी तिला वर ठेवलं. सानूनं शिंगं धरली, टाचा मारल्या. मावशीनं दोरी ओढली. मानेवरचा माझा हात तसाच होता. आजोबा म्हणाले, "सोड आता."

सोडला.